पोतं कोरडं होतं

आमी मुळचे मूर्तिजापूरच्या अलीकडचे, अकोला जिल्हा. बाबा रेल्वेत फिटर, त्याईची बदली झाली अन आमचं सारं खटलं उचलून इकडं जयपूरले आलं, तवा मी पाचवीत होती, तवापासून इथलीच झाली. पन बोली पाहा ताई माह्यी, गेली नाही, बाबानं घरात हिंदी घुसूच देल्ली नाही, म्हने बाहेर बोला त्याईची, उंबऱ्याच्या आत आपली. माह्ये लेकरं आता मले हासतात, म्हनतात आई तू मतलब कोन्त्या जमान्यातलं बोलते, हासू द्या. तुमी मराठीतून लिवून घेता म्हनून मी बसली, नाही तर ह्या गोष्टीले मी तोंड लावत नाही, डोस्कं तापते माह्यं. अन एक आधीच सांगते, त्या मानसाचं नाव मी घेनार नाही. लगीन झालं तवा लाजेनं घेत नव्हती, 'हे' म्हनत होती, आता रागानं घेत नाही, 'तो' म्हनते. कोन तो हे समजून घ्या, माह्या लेकराईचा बाप.

बाबाले आमी दोघी पोरीच, पोरगा नाही. लोकं हळहळत, बाबाले काही वाटे नाही, ते शेडमधून आले की मलेच अंगनात बसवत, कोनाची मोटारसायकल, कोनाचा पंप, काही ना काही उघडलेलं असेच. पेचकसाचं, म्हंजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनले लावायचं अन मूठ कानाले, म्हनत आयक, हे टकटक वरचं हाये का खालचं. मी आयकत होती. आई चुलीपाशी बडबडे, पोरीच्या हाताले काळं तेल, कोन करीन हिले. बाबा म्हनत, इंजिन म्हंजे चूलच हाये, चूल येते तिले इंजिन काहून येनार नाही. लाकूड म्हंजे पेट्रोल, फुंकनी म्हंजे हवा. फुंकनी जोरात मारली की जाळ फडफडते, लय चांगला दिसते, पन लाकूड तेवढंच ठेवून नुसती फुंकनी मारत राह्यलं तर मंग जाळ लाकूड सोडून चूलच खाते. हे त्याईचं बोलनं मी इतक्या डाव आयकलं की मले पाठ झालं, अन पुढं माह्या नशिबात तेच लिवलेलं होतं.

मंग लगीन. अकोल्याकडचाच पोरगा, गॅरेजात शिकलेला, बाबानं पाह्यला अन इकडं आनला. हातात कला होती त्याच्या, हे मी खोटं नाही बोलत, शत्रूचंही खरं ते खरं, बंद पडलेली गाडी त्याच्या हाताखाली लेकरासारखी उठून बसे. बोलका होता, हासरा होता, दारात आला की शेजारच्या कमला भाभी म्हनत, आ गए जमाईसा, रौनक आ गई. पन डोस्क्यात वारं. चांगली चालते ती गाडी त्याले चांगली वाटेच नाही, त्याले पळनारी पाहिजे. सोडाला म्हनून जयपूरचाच एक मोहल्ला, तिथं आमचं भाड्याचं घर, खालीच त्याचं गॅरेज, वर आमी, सकाऊन डोळे उघडले की पयले पेट्रोलचा वास अन मंग चहाचा.

बाबा रिटायर झाले तवा त्याईनं मले गाडी घेऊन देल्ली. जुनीच होती, पांढरी, तेराशे सीसीची, मांगं लांब डिकी. त्या काळात तिच्यासारखी पळनारी गाडी नव्हती जी, वजनानं हलकी अन इंजिन भल्लं तेज, पोट्टे मरत तिच्यावर. बाबानं कागदावर मुद्दाम माह्यं माहेरचं नाव लावलं, तो बाजूलेच उभा होता, त्याच्या तोंडावरचा रंग मी पाह्यला, पन बाबा त्याच्याकडं पाह्यलंच नाही असं करून मले म्हनले, प्रमिला, ही तुही, सासरची नाही. त्या वक्ताले मले वाईट वाटलं, म्हनलं बाबा असं काहून बोलतात चारचौघात. आता समजते. म्हातारे मानसं इंजिनापरमानं मानसाचाही आवाज आयकतात.

ती गाडी म्या शाळेले लावली. सोडाल्यातून अन पुढं लष्कराच्या क्वार्टरांतून लेकरं उचलायची, शाळेत सोडायची, दुपारी परत. बाई गाडी चालवते म्हनून लोकं वळून वळून पाहात, दारूचा वास येनाऱ्या रिक्षावाल्यासंगं लेकरू पाठवतील पन बाईसंगं नाही. सगळ्यात पयले भरोसा टाकला तो एका सुभेदाराच्या बायकोनं, साताऱ्याकडची, तिची पोरगी रश्मी. तिनं टाकला म्हनून मंग बाकीच्याईनं टाकला. पाऊस असो, कडाक्याची थंडी असो, माह्यी गाडी एक दिवस दगा देत नव्हती. तेल म्या बदलायचं, प्लग म्या पुसायचे, त्याले मी बोनेटले हात लावू देत नव्हती. बाबा मंग गेले. त्याईचा फोटो लावला भिंतीवर अन त्याखाली त्याईची पाने-पेचकसाची पेटी ठेवली.

आता गॅसचं सांगते. दोन हजारनंतर जयपूरले पैशेवाल्याईच्या पोट्ट्याईचं पीक आलं. कोनाचा बाप संगमरवराचा, कोनाचा नगाचा, म्हंजे हिऱ्या-मानकाचा, अन पोट्ट्याईले काम काय तर गाड्या पळवनं. त्यातला एक विक्की, संगमरवरवाल्याचा, त्यानं बाहेरदेशातून एक बाटला आनला, निळा, चकचकीत, संगं नळ्या अन बटन, अन सारं आमच्या गॅरेजात आनून टाकलं. नायट्रस म्हनत त्याले. दवाखान्यात बेशुद्ध करताना हुंगवतात तोच, हासवनारा वायू म्हनतात, भरून कुठून आनत ते मले पुसू नका, दवाखान्याच्या टाक्या पुरवनारा कोनी तरी विक्कीच्या हातात होता. बटन दाबलं की तो वायू इंजिनात जाते अन गाडी अशी उसळते की मान मांगं. म्या लेकराईच्या बापाले इचारलं, अवो, हे काय हाये नेमकं. तो म्हने, हवा हाये, कोंबलेली हवा. म्या म्हनलं, म्हंजे फुंकनी. तो हासला. म्हने तुह्या बापाची चूल इथंही आली का.

पयले त्यानं एका भंगार गाडीवर लावलं. सकाऊन चाले, दुपारी इंजिन फोडे. पुन्हा बांधे, पुन्हा सकाऊन चाले, दुपारी फोडे. फोडलेल्या पिस्टनचं डोकं मेनबत्तीसारखं वितळलेलं, एका बाजूनं खाल्लेलं. तो म्हने पिस्टन खराब, म्हने पेट्रोलात भेसळ, विक्की म्हने हिंदुस्थानी माल ऐसाच होता है. म्या त्या गाडीच्या डिकीत हात घातला तर तो बाटला तव्यावानी तापलेला. जयपूरचं ऊन ते, डिकी बंद, म्हंजे आतमंधी वायू फुगून बसते, मंग मारते तो मोठी फुंकनी, अन लाकूड तेवढंच. चूलच खाईन ना मंग. पानी भरायच्या मटक्याले आपन उन्हाळ्यात काय करतो, ओलं फडकं गुंडाळतो. म्या एक पोतं घेतलं, भिजवलं, बाटल्याले गुंडाळलं, वरून सुतळी बांधली. त्या दुपारी इंजिन फुटलं नाही.

तवापासून बाटल्याले ओलं पोतं हे त्याच्या गॅरेजचं गुपित झालं. पोट्टे दुरून येत, म्हनत उस्ताद, तुमारे यहाँ इंजिन नहीं फटता. उस्ताद मिशीवर हात फिरवे. पोतं कोन भिजवे, मी. नाव कोनाचं, त्याचं. मले त्याचं काही वाटलं नाही जी, खरं सांगते, नवऱ्याचं नाव झालं तर बायकोले काय बोचते. मले एकच पाहिजे होतं. बाबाच्या फोटोपुढं त्याले उभं केलं अन म्हनलं, शपथ घ्या, माह्या गाडीले हे लागनार नाही. लोकाईच्या लाडक्या पोट्ट्याईच्या गाड्या जळू द्या, माह्या गाडीत लेकरं बसतात. घेतली त्यानं शपथ. हात जोडून घेतली, हासत हासत.

इथं चैतात बासोडा असते, शीतला मातेचा. आदल्या दिवशी रांधून ठेवतात अन त्या दिवशी कोनाच्या घरी चूल पेटत नाही, सारं थंडं खायचं, माता थंडी राह्यली पाहिजे. चाकसूले मोठा मेळा भरते. आमी बौद्ध, आमच्यात माता नाही अन बासोडाही नाही, पन सारा मोहल्ला थंडा बसलेला असताना आपल्या घरून फोडनीचा वास कसा जाऊ द्यायचा, म्हनून मीही त्या दिवशी चूल पेटवत नव्हती. त्या वर्षी कमला भाभीनं मले मेळ्याले ओढून नेलं, शाळेले सुटी होती. निंगताना तो म्हने, गाडी ठेवून जाय, मी चाकं सीधी करून आनतो, डावीकडं ओढते ती. ओढत होती, खरं होतं. म्या चाबी देल्ली. जीपमंधी बायाईसंगं गानी म्हनत गेली मी, थंडी राबडी खाल्ली, घरच्या लेकराईले फुगे घेतले.

सांजच्यान आली तर गाडी दारात, अन धुतलेली. ताई, त्या मानसानं जन्मात कधी माह्यी गाडी धुतली नव्हती. म्या म्हनलं, काय हो, आज काय निंगालं. तो म्हने, मेळ्याहून येशीन तर खूश होशीन म्हनून. मी मूर्ख, खूश झाली.

दुसऱ्या दिवशी रश्मीचा दहावीचा गणिताचा पेपर. बाकीच्या लेकराईले सुटी होती, ती एकटीच होती. सकाऊन गाडी लावली तर सुरूच होईना, झाली तर अशी थरथरे की आरसा हाले, मांगून निळा धूर. मी खाली उतरली. तो तोंडात ब्रश घेऊन दारात उभा. म्या सरळ इचारलं, काल गाडी कुठी नेली होती. म्हने चाकं कराले, दुसरं कुठी. म्या म्हनलं, ही आवाज काहून करते. त्यानं बोनेटवर कान ठेवल्यासारखं केलं, थुंकला, अन म्हने, धुताना प्लगमंधी पानी गेलं असन, तापली की नीट होईन, जाय तू, पोरीचा पेपर हाये. जाय तू म्हनला. त्याले माहीत होतं, अन जाय म्हनला. बाकी सारं मी पोटात घातलं असतं, माती खाल्ली म्हनून सोडलं असतं, पन ते जाय तू मी मेल्यावरही सोडनार नाही.

रश्मी बसली, मांडीवर पॅड, हातात कंपासपेटी. थोड्या वेळानं तीच म्हने, मावशी, आज गाडी कण्हते का गं. म्या म्हनलं, काकाले इचारलं म्या, ते म्हनले जाय. अजमेर रोडले लागलो अन खाडकन आवाज झाला, चाकं जागीच धरल्यासारखी झाली, मांगून टँकर, त्यानं कसं वाचवलं त्यालेच ठाऊक. गाडी जाम. रिक्षा एक थांबेना, मेळ्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धं जयपूर झोपलेलं असते. पोरगी रडाले लागली. म्या रस्त्याच्या मधोमध उभं राहून एका दूधवाल्याची मोटारसायकल अडवली, दोन्हीकडून बरण्या लटकलेल्या, त्याले हात जोडले, भैया, बेटी का पर्चा है, अन पोरीले मांगं बसवलं. तिचा स्कर्ट दुधानं भिजला. पोचली ती, उशिरा पोचली, पन घेतली आत.

मी गाडीपाशी परत आली. काही कारन नव्हतं, पन डिकी उघडली. स्टेपनीच्या मांगं नवीन भोक पाडलेलं, त्यातून नळी ओढून काढल्याचा वळ, अन कोपऱ्यात पोतं. घडी घालून ठेवलेलं. म्या हात लावला. कोरडं होतं. खडखडीत कोरडं, त्याले पान्याचा थेंबही लागला नव्हता.

सारं मंग विक्कीच्याच एका दोस्तानं सांगतलं. नव्या होत असलेल्या रस्त्यावर भर दुपारी शर्यत ठेवली होती, बाहेरगावचे पोट्टे आले होते, विक्कीची गाडी ऐन वक्ताले बंद पडली, तर उस्तादानं बायकोची गाडी काढली, चाबी हातात आल्याबरोबर सकाऊनच नळ्या बसवून ठेवल्या होत्या. तिथं कोनी तरी पोतं पाहून हासलं म्हने, यह क्या, मटका ले के आए हो. अन ह्याले लाज वाटली. पोतं भिजवलंच नाही, घडी करून कोपऱ्यात टाकलं, निळा चकचकीत बाटला दिसला पाहिजे ना लोकाईले. तेवढ्यासाठी. सारा मोहल्ला त्या दिवशी चूल पेटवत नव्हता, कमला भाभीच्या दारात थंडे पुए होते, अन ह्यानं माह्या गाडीच्या पोटात भट्टी पेटवली.

पन खरं तर पुढंच हाये. सांजच्यान लेकराईचे माय-बाप आले, सुभेदारीण बाई पुढं. रागात होत्या, त्याईचं बरोबर होतं, टँकरखाली गेली असती पोरगी. अंगनात उभे राहून म्हनल्या, आम्ही विश्वासानं लेकरं दिली तुमच्याकडं. मी काही बोलायच्या आधी तो पुढं झाला. हात जोडले अन म्हने, माफ करा, बायकाईच्या हाती इंजिन देल्लं की असंच होते, तेलच पाह्यलं नसन तिनं, मी सांगून थकलो. सारे माह्याकडं पाहाले लागले. बाबाच्या हाताखाली तेलात वाढलेली पोरगी मी, अन तेल पाह्यलं नसन. मी एवढंच म्हनली, पोतं कोरडं होतं. लोकं एकमेकाकडं पाहात राह्यले, कोनतं पोतं, कशाचं पोतं. त्या अंगनात ते समजनारे दोनच मानसं होते. त्यानं मान खाली घातली. पन बोलला नाही. एक शब्द बोलला असता तर माह्यं नाव वाचलं असतं, नाही बोलला.

लेकरं गेली. एकामांगं एक, सारी. कोनी म्हने भाऊजी सोडून देतात आता, कोनी म्हने बस लागली. मोहल्ल्यात मी बाई ड्रायवर झाली, जिनं इंजिन जाळलं ती. कमला भाभी तेवढी म्हने, अरे वा को बाप इंजन को बैद हो, म्हंजे हिचा बाप इंजिनचा वैद्य होता, पन तिचं आयकते कोन.

म्या गाडी दोरानं ओढून आनली अन अंगनात घेतली. बाबाची पेटी उघडली. इंजिन म्या खाली उतरवलं, उघडलं, तो वरून पाहात होता, खाली यायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या भांड्याचा, म्हंजे सिलिंडरचा, पिस्टन निंगाला तो वरून वितळलेला, कडेनं खाल्लेला, रिंगीचे तुकडे. लोकं म्हनत घेऊन जाय, दाखव साऱ्याईले. म्या म्हनलं, मी काय घरोघर पिस्टन दाखवत फिरू भीक मांगल्यासारखी. ज्याईले माह्या चालवन्यावर भरोसा नाही त्याईले लोखंड दाखवून काय होते. जुन्या गाड्याईचे भाग जमवून जमवून ते इंजिन म्या पुन्हा उभं केलं, पावसाळा गेला त्यात. सुरू झालं तवा पेचकस लावून आयकलं, अन मंग तिथंच बसून रडली मी, रागानं रडली, दुःखानं नाही.

त्याचं काय झालं म्हनसान, तर काय होनार. पोतं मी भिजवनं बंद केलं. त्यालेही भिजवता आलं असतं, हात तुटले नव्हते, पन ज्याची एकदा लाज वाटली ते पुन्हा गुंडाळाले मानसाले हिंमत लागते. एकामांगं एक इंजिन फुटले, विक्की दुसरीकडं गेला, पोट्टे गेले, उस्ताद राह्यला नुसता. आता तो खिडक्याईच्या जाळ्या वेल्डिंग करते. एकाच घरात राहतो आमी, लेकराईसाठी. ताट मी वाढते त्याले, उपाशी नाही ठेवत, पन गरम वाढत नाही. बासोडा वर्षाले एक दिवस असते, त्याच्या ताटात रोज असते. अन माह्या गाडीत बसायचं नाही. बिमार असला तरी रिक्षा.

आता मागल्या हिवाळ्यात रश्मीचं लगीन झालं. सुभेदार इथंच रिटायर होऊन राह्यले. पोरगी हट्टाले पेटली, म्हने मी मांडवात प्रमिला मावशीच्या गाडीतून जाईन, दुसऱ्या गाडीत पाय ठेवनार नाही. सुभेदारीण बाई मले बलावाले आल्या, दारात उभ्या राह्यल्या, इतक्या वर्षानं. म्हनल्या, रश्मी त्याच दिवशी सांगत होती मला, मावशीनं विचारलं होतं अन काकांनी जा म्हटलं, मीच ऐकलं नाही. म्या म्हनलं, असू द्या. असू द्या म्हनायले जिभेले काय लागते, पन म्हनलं.

हळदीच्या दिवशी मराठी बाया जमल्या, पलटनीतल्या, रेल्वेतल्या, अन नाव घ्यायचं सुरू झालं. एकेक बाई उखाना घेते, नवऱ्याचं नाव, हासनं, खिदळनं. माह्यी पाळी आली. मी म्हनली मले नाही येत. त्या सोडतात का, नाव घ्या, नाव घ्या. तो बाहेर कनातीजवळ बसला होता, लेकराईसंगं आला होता रिक्षानं, त्याचे पाय मले दिसत होते. मंग मी म्हनली,

जयपूरच्या उन्हात बाई, ओलं ठेवलं पोतं,
इंजिन बांधलं प्रमिलानं, नाव माह्यंच होतं.

सुभेदारीण बाईनं पदर डोळ्याले लावला. बाकीच्याईले काही समजलं नाही, वाटलं विसरली बिचारी. कनातीखालचे पाय उठले अन हळूहळू निंगून गेले.

आता नवी लेकरं याले लागली, अर्धी गाडी भरते. गाडी म्हातारी झाली, मीही झाली, दोघी सकाऊन पयल्या चाबीले उठतो, अजून काय पाहिजे. तुमी लिवलं ना सारं, मंग खाली माह्यं नाव पुरं टाका. आपल्या मराठीत बाईच्या नावात मधी नवऱ्याचं नाव लावतात, ते मले माहीत हाये. तुमी गाडीच्या कागदावर हाये तसं लिवा. प्रमिला किसन इंगळे. किसन म्हंजे माह्ये बाबा.